बालविभाग सुटला, अभ्यासिका लांब

वाचनालयात मुले येत नाहीत, ही तक्रार आम्हीही बरीच वर्षे केली. मोबाईलने पोरे बिघडवली, हे वाक्य विहार समितीच्या प्रत्येक बैठकीत कोणीतरी म्हणायचे आणि बाकीचे माना डोलवायचे. मग एका रविवारी आमच्या ग्रंथपाल ताईंनी मागच्या सहा वर्षांच्या देवघेवीच्या वह्या टेबलावर आणून ठेवल्या. बालविभागाच्या वहीत पाचवी-सहावीची मुले भरपूर होती. अभ्यासिकेच्या हजेरीत विशी ओलांडलेली मुले-मुली होती. कोणी एमपीएससीची, कोणी पोलीस भरतीची, कोणी बँकेच्या परीक्षेची तयारी करणारी. मधल्या वयाची नावेच नव्हती. सातवीत असताना आठवड्याला दोन पुस्तके नेणारी एक मुलगी आठवीच्या दिवाळीनंतर वहीत दिसेना. दोन वर्षांनी तिचा धाकटा भाऊही त्याच वयाला वहीतून गेला. म्हणजे मुले येत नव्हती हे खोटे होते. ती येत होती आणि तेराव्या-चौदाव्या वर्षी निघून जात होती.

कारण शोधायला लांब जावे लागले नाही, नियम आम्हीच केलेला होता. बालसभासद तेराव्या वर्षापर्यंत. पुढे मोठ्यांची अनामत भरायची, आणि ती भरायला घरातला मोठा माणूस हवा. अभ्यासिकेत दहावी झाल्याशिवाय प्रवेश नाही. यात कोणाचा वाईट हेतू नव्हता. छोट्यांची पुस्तके छोट्यांना मिळावीत आणि परीक्षा देणाऱ्यांना शांतता मिळावी, एवढाच विचार होता. फक्त आठवी-नववीच्या पोराला बसायला खुर्ची कुठे, हे कोणाच्या डोक्यात आले नाही.

हे सगळे आरोग्याच्या पानावर कशाला, असे वाचकांना वाटेल. आमच्या गटात एक निवृत्त परिचारिका, दोन शिक्षक, ग्रंथपाल ताई आणि फार्मसी शिकणारी एक मुलगी आहे. आमचे काम उत्तर नागपुरातल्या वस्तीत, विहाराला लागून असलेल्या वाचनालयात चालते. सुरुवातीला आम्हीही याकडे वाचनाचा प्रश्न म्हणूनच पाहत होतो. दोन वर्षांत जे पाहिले, त्यानंतर आम्ही याला तब्येतीचा प्रश्न म्हणतो. जागतिक आरोग्य संघटना दहा ते एकोणीस या वयाला किशोरवय म्हणते. मोठेपणी दिसणाऱ्या मानसिक त्रासांपैकी बराच मोठा भाग याच वयात सुरू झालेला असतो. या वयात शरीराचे घड्याळही पुढे सरकते, रात्री लवकर झोप येत नाही आणि सकाळी डोळा उघडत नाही. तेरा ते अठरा वर्षांच्या मुलाला रोज ८ ते १० तास झोप लागते. आपल्या वस्तीतल्या दोन खोल्यांच्या घरात टीव्ही अकराला बंद होतो, नळाला पाणी पहाटे येते, आणि मधल्या वेळात पोरगा कानात वायर घालून भिंतीकडे तोंड करून मोबाईल पाहत पडलेला असतो. त्याला आळशी म्हणणे सोपे आहे. त्याला एकटे राहायला दुसरी जागाच नाही, हे आम्हाला उशिरा कळले.

जागेचा विषय निघाला की आम्हाला परळची डबक चाळ आठवते. सुभेदार रामजी सकपाळ मुलांना घेऊन तिथे एका खोलीत राहत होते. त्याच खोलीत स्वयंपाक, धूर, सरपण, जाते, शेळी आणि भीमरावांचा अभ्यास. आपल्या समाजात प्रत्येक घरात सांगितली जाणारी गोष्ट म्हणजे भीमराव रात्री दोनला उठून अभ्यास करत. ती खरी आहे, पण आपण अर्धीच सांगतो. चरित्रात पूर्ण हकिकत आहे. वडील भीमरावांना आधी लवकर झोपवत, स्वतः दोनपर्यंत जागत, मग मुलाला उठवून स्वतः आडवे होत. म्हणजे मुलाची झोप मोडून अभ्यास, असा तो प्रकार नव्हता. त्या एका खोलीत शांतता रात्री दोननंतरच मिळत होती, म्हणून झोपेची वेळ बदलली होती. त्यासाठी जागरण बापाने केले. आपण मात्र त्यातला दोनचा आकडा उचलला आणि चौदा वर्षांच्या मुलांच्या डोक्यावर ठेवला.

दुसरी गोष्ट चर्नी रोडच्या बागेची. शाळा सुटल्यावर भीमराव तिथे जाऊन वाचत बसत. कृष्णाजी अर्जुन केळुसकर गुरुजीही त्या बागेत येत. रोज पुस्तकात डोके घालून बसलेला हा मुलगा त्यांनी पाहिला, विचारपूस केली, पुढे त्याला पुस्तके देत राहिले. १९०७ साली भीमराव मॅट्रिक झाले, तेव्हा सत्काराच्या सभेत केळुसकरांनी स्वतः लिहिलेले बुद्धचरित्र त्यांना भेट दिले. भीमरावांचे वय तेव्हा सोळा होते. ते पुस्तक वाचून त्या मुलाने वडिलांना प्रश्न विचारला की आम्हाला रामायण-महाभारत वाचायला लावता, मग बौद्ध वाङ्मयाची ओळख का करून दिली नाही? पुढे १९५६ साली दीक्षाभूमीवर जे घडले, त्याचा एक धागा एका सोळा वर्षांच्या मुलाच्या हातातल्या पुस्तकापर्यंत जातो. ते पुस्तक परीक्षेला नेमलेले नव्हते. बागेत बसायला अनामत लागत नव्हती. आणि केळुसकर गुरुजी त्याचे मार्क विचारायला बागेत येत नव्हते.

त्याच्याही अर्धशतक आधी मुक्ता साळवे झाली. सावित्रीबाई आणि जोतीरावांच्या शाळेतली ही मुलगी. तिचा निबंध १८५५ साली ‘ज्ञानोदय’मध्ये छापून आला, तेव्हा ती चौदा वर्षांच्या आसपास होती. बक्षीस म्हणून खाऊ नको, ग्रंथालय द्या, असे तिने साहेबाला सांगितल्याची आठवण आजही सांगितली जाते. आमच्या नियमाप्रमाणे मुक्ताला वाचनालयात खुर्ची मिळाली नसती, हे ग्रंथपाल ताईंनी बैठकीत म्हटले आणि नियम त्याच दिवशी बदलला. तेरा ते अठरा वयाला अनामत नाही, पालकाची सही नंतर आणली तरी चालेल, शनिवारी दुपारी तीन ते सहा मागचा हॉल त्यांचा.

पहिले दोन महिने फसले, हे सांगायला लाज नाही. आम्ही निबंध स्पर्धा ठेवली, वक्तृत्व ठेवले, पाहुणे बोलावून वाचनाचे फायदे सांगितले. नेहमीची पाच हुशार मुले बक्षिसे घेऊन गेली आणि परत फिरकली नाहीत. तिसऱ्या महिन्यात एक मुलगा दारात उभा राहून म्हणाला, “काकू, इथं नुसतं बसलं तं चालते का?” आमच्या परिचारिका काकू म्हणाल्या, “चालते, पंख्याखाली बस.” त्या दिवशी त्याने एकही पुस्तक उघडले नाही. पुढच्या शनिवारी दोघे आले.

मुली मात्र येत आणि तासाभरात निघून जात. आम्हाला वाटले, घरून बोलावणे असेल. फार्मसीवाल्या ताईला त्यांनी खरे कारण सांगितले. संडासाला कुलूप आणि किल्ली समितीच्या एका काकांच्या खिशात. पाळीच्या दिवसांत कोणती मुलगी काकांकडे किल्ली मागेल? किल्ली काढून हॉलमधल्या खिळ्यावर लावली, आतली कडी दुरुस्त केली, जुन्या मासिकांच्या कपाटात खालच्या खणात पॅडचा डबा ठेवला. कोणाला विचारायचे नाही, संपत आला की चिठ्ठी टाकायची. आमच्या आजवरच्या साऱ्या उपक्रमांत सर्वात कमी खर्चाचा आणि सर्वात जास्त उपयोगी पडलेला उपक्रम हाच. दुसरा म्हणजे पाण्याचा माठ. ग्रंथालयात पाणी नको, पुस्तके भिजतात, हा जुना नियम आम्ही मोडला. त्याला वेगळे कारण होते.

आठवीतला एक मुलगा सिकलसेलचा रुग्ण आहे. त्याच्या आईच्या संमतीने लिहितो आहोत. विदर्भात आपल्या समाजात आणि आदिवासी बांधवांत या आजाराचे प्रमाण जास्त आहे, हे या पानाच्या वाचकांना नव्याने सांगायला नको. रक्तातल्या तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकतात, बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात आणि हाडे-सांधे असे दुखतात की मूल ओरडते. पाणी कमी पडले, ताप आला, थंडी लागली, फार दमणूक झाली की हे दुखणे उसळते. नागपूरच्या उन्हाळ्यात क्रिकेट त्याला झेपत नाही. मैदानावरची पोरे सुरुवातीला त्याला पंच करत, मग विसरत. शाळाही बुडायची आणि बुडाली की बोलणी खावी लागायची. हा मुलगा वाचनालयात आला तो कॅरमसाठी. खेळणाऱ्यांत जागा नसली की फडताळातले काहीतरी ओढून चाळत बसायचा. भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे त्याने असा कॅरमच्या रांगेत उभ्याने संपवला. ज्याला धावता येत नाही, तो सायकलवरून सुसाट जाणाऱ्या पोराच्या गोष्टी का वाचतो, हे आम्ही त्याला विचारले नाही. विचारूही नये. मोठी माणसे पुस्तकातून नेहमी बोध काढायला बसतात.

पुस्तकाने त्याचे दुखणे कमी झाले, असे आम्ही म्हणणार नाही. त्याला डॉक्टरांनी सांगितलेल्या गोळ्या लागतात, भरपूर पाणी लागते आणि दुखणे उसळले की दवाखाना लागतो. पण दवाखान्यातून आल्यावर त्याला जाण्यासारखी एक जागा झाली, जिथे गैरहजेरीचे कारण विचारले जात नाही. त्याची आई म्हणते, घरात चिडचिड कमी झाली. तेवढे आम्हाला पुरते.

नववीतल्या एका मुलीची गोष्ट वेगळी. ती पुस्तक उघडून दहाव्या मिनिटाला डुलक्या घ्यायची. आम्ही समजलो, आवडत नसेल, म्हणून तिला तीनदा पुस्तक बदलून दिले. काकूंनी एकदा तिच्या पापणीची आतली बाजू पाहिली, ती पांढुरकी होती. सरकारी दवाखान्यात रक्त तपासले तर हिमोग्लोबिन बरेच खाली. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत देशातल्या १५ ते १९ वयाच्या मुलींत ५९ टक्के आणि मुलांत ३१ टक्के रक्तक्षय आढळला होता. म्हणजे ही एकटीची गोष्ट नव्हे. आपल्या भागासाठी एक गोष्ट मात्र ठळकपणे सांगतो. लोहाच्या गोळ्या सुरू करण्याआधी सिकलसेलची चाचणी करून घ्यावी. सिकलसेलमुळे झालेल्या रक्तक्षयात लोह कमी असतेच असे नाही, आणि अशा रुग्णाने डॉक्टरांच्या सल्ल्याशिवाय शाळेतली निळी गोळीही घेऊ नये. या मुलीला सिकलसेल नव्हता, लोहच कमी होते. औषध, जंताची गोळी आणि घरात मुलांबरोबर तिलाही अंडे, यावर चार महिन्यांत ती जागी झाली. आता पुस्तके परत आणायला विसरते, ही नवी तक्रार आहे.

काय वाचायला द्यावे, यावर आमच्या गटात अजून भांडण होते. दीक्षाभूमीवर धम्मचक्र प्रवर्तनदिनी आणि चैत्यभूमीवर ६ डिसेंबरला आपण पिशव्या भरून ग्रंथ घेतो, याचा अभिमान आहेच. पण घरी आणून ‘लेखन आणि भाषणे’चा जाडजूड खंड तेरा वर्षांच्या मुलापुढे ठेवायचा आणि तो उघडत नाही म्हणून त्याला नालायक ठरवायचे, हे बरोबर नाही. त्याला आधी पुस्तक संपवण्याची चव लागू द्या, मग ते रहस्यकथेचे असो की भुताचे. आमच्याकडे सगळ्यात जास्त फाटलेले पुस्तक ‘एक होता कार्व्हर’ आहे. वीणा गवाणकरांनी १९८१ साली लिहिलेले हे चरित्र मुले एका बैठकीत संपवतात. गुलामीत जन्मलेला पोर शेतीशास्त्रज्ञ होतो, हे आपल्या मुलांना कोणी समजावून द्यावे लागत नाही. ‘किशोर’चे जुने अंक, ‘तोत्तोचान’, नारळीकरांच्या विज्ञानकथा, अ‍ॅन फ्रँकची डायरी हेही हातोहात जाते. आत्मकथने आम्ही दहावीच्या पुढच्यांसाठी राखून ठेवली होती. ती चूक निघाली. प्र. ई. सोनकांबळ्यांचे ‘आठवणींचे पक्षी’ एका नववीच्या मुलाने नेले आणि परत देताना म्हणाला की हा माणूस लहानपणी किती उपाशी राहिला, आणि तरी रडत नाही बोलताना. ‘बलुतं’मध्ये काही पाने कठीण आहेत, हे मान्य. म्हणून आम्ही ते देताना सांगतो की वाचून अस्वस्थ वाटले तर बोलायला ये. बरीच मुले येतात. पुस्तकातल्या माणसाच्या अपमानाबद्दल बोलता बोलता वर्गात स्वतःला काय ऐकावे लागले, तेही सांगतात. आडनाव विचारून कोण काय म्हणाले, स्कॉलरशिपच्या यादीवरून कोण हसले. हे ते घरी सांगत नाहीत. आईबाप आधीच दमलेले असतात.

प्रश्नपेटी ही कल्पना मुलींची. पुठ्ठ्याच्या खोक्यात नाव न घालता प्रश्न टाकायचा, महिन्यातून एकदा काकू उत्तर देतात. मुरुमे, पाळी, स्वप्नदोष, उंची वाढत नाही, जीव नको वाटतो. शेवटचा प्रश्न पेटीत निघाला त्या दिवशी आम्ही बाकीचे बाजूला ठेवले. अक्षरावरून शोध घेतला नाही. सगळ्यांसमोर एवढेच सांगितले की असे वाटणे हा गुन्हा नाही, वाटले तर आमच्यापैकी कोणालाही रात्रीसुद्धा उठवा, आणि १४४१६ हा टेलिमानसचा नंबर भिंतीवर मोठ्या अक्षरात लावला. तो मोफत आहे, दिवसरात्र चालतो आणि मराठीत बोलता येते. लहान मुलांसाठी १०९८ आहे. सरकारी रुग्णालयांत किशोरवयीनांसाठी ‘मैत्री’ क्लिनिक असते, तिथे मुलाला एकट्याने बोलता येते. दोन आठवड्यांनी एक मूल थांबून काकूंशी बोलले. कोण ते काकूंनी आम्हालाही सांगितलेले नाही.

आता थोडे कडू. जयंतीनिमित्त सलग अठरा तास अभ्यासाचा उपक्रम आपल्याकडे मोठ्या श्रद्धेने होतो. बाबासाहेबांना दिलेले ते अभिवादन आहे, त्याचा आम्ही आदर करतो, आमच्यातले तिघे त्यात बसलेले आहेत. पण शाळकरी मुलांना त्यात बसवू नये, असे आमचे स्पष्ट मत आहे. एप्रिलचा नागपूरचा उन्हाळा, पत्र्याखालचा हॉल, सकाळपासून चहा-बिस्किटावर बसलेली पोरे. आमच्याकडेच एका वर्षी एक मुलगी चक्कर येऊन पडली. त्यानंतर आम्ही साखळी वाचन सुरू केले. पहाटे पाच ते रात्री अकरा, अर्ध्या अर्ध्या तासाच्या छत्तीस पाळ्या. एकाने मोठ्याने वाचायचे, बाकीच्यांनी हवे तर ऐकायचे, हवे तर घरी जाऊन जेवून झोपायचे. वाचन अठरा तास थांबत नाही आणि कोणतेही मूल अर्ध्या तासापेक्षा जास्त बसत नाही. वर्षावासात विहारात ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ वाचतात, तीच ही रीत आहे. दुपारची पाळी आज्यांनी मागून घेतली. ज्यांना वाचता येत नव्हते, त्यांनी आठवणी सांगितल्या आणि मुलांनी त्या फोनमध्ये भरून घेतल्या. तो फोन बिघडवतो की घडवतो, यावर त्या दिवशी कोणी बोलले नाही. सिकलसेलवाला मुलगा संध्याकाळी साडेसहाच्या पाळीला उभा राहिला, पाण्याची बाटली शेजारी ठेवून.

बाबासाहेब १९१३ ते १९१६ न्यूयॉर्कला शिकले. त्या शहराच्या सार्वजनिक ग्रंथालयाने १९२९ पासून खास किशोरवयीनांसाठी पुस्तकांची यादी छापायला सुरुवात केली. शिकागोच्या ग्रंथालयात २००९ पासून या वयाच्या मुलांसाठी वेगळे दालन आहे, तिथे आवाज ध्वनिमुद्रित करायची साधनेही आहेत. आपल्याकडे सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा १९६७ चा, आणि गावोगाव अनुदानित वाचनालये आहेत. इमारती आहेत, कपाटे आहेत. शनिवारी तीन तास एक हॉल उघडायला नवीन अनुदान लागत नाही. खिळ्यावर किल्ली, माठात पाणी आणि खेकसणार नाही असे एक मोठे माणूस लागते. ते शेवटचे मिळायला वेळ लागतो, एवढे कबूल करतो. अभ्यासिकेतल्या मोठ्या मुलांची गोंगाटाची तक्रार चालूच आहे. मधल्या दाराला जाड पडदा लावला, तरी कॅरमचा आवाज जातो. समितीच्या पुढच्या बैठकीत पुन्हा तोच विषय आहे.

वहीतून गायब झालेली ती मुलगी आता अकरावीत आहे. मागच्या महिन्यात ती आली आणि तिने ऊर्मिला पवारांचे ‘आयदान’ नेले. तिच्याकडून ते मैत्रिणीकडे गेले, तिथून तिच्या आईकडे, आणि आई म्हणते की अजून झाले नाही. वाचकांपैकी कोणाकडे दुसरी प्रत असेल तर वाचनालयाला द्यावी, चार मुली थांबल्या आहेत.